पोळी हातात, डोळे टीव्हीवर

‘मालिका? आणि मी? छे!’ असं कॉलेजच्या कट्ट्यावर छातीठोकपणे सांगणाऱ्या आणि रात्री मेसमध्ये मान वर करून जेवणाऱ्या सगळ्यांसाठी, एका चोरून बघणाऱ्या प्रेक्षकाची मराठी टीव्हीबद्दलची खरीखुरी मतं.

तुमच्या मेसमध्ये टीव्ही आहे का? आमच्या आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमची मेस. सहा टेबलं, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर आणि त्याच्या बरोबर वर टीव्ही. रिमोट कायम काकूंच्या कमरेला खोचलेला. रात्री साडेसात ते साडेनऊ तो कुणाच्याही हातात जात नाही. आयपीएलची फायनल असली तरी नाही. ‘मॅच बघायचीय? मोबाईल आहे ना तुझ्याकडे? आणि भात घे,’ एवढंच उत्तर मिळतं.

जेवायला आम्ही वीस-पंचवीस जण. कुणी इंजिनिअरिंगचा, कुणी सीए करणारा, अर्धे एमपीएससीवाले. यातल्या कुणालाही विचारा, ‘मालिका बघतोस का रे?’ उत्तर ठरलेलं : ‘वेडा आहेस का?’

आता परवाची गोष्ट सांगतो. ‘ठरलं तर मग’ लागली होती. कोर्टातला सीन, अर्जुन वकिलाच्या कोटात उभा आणि आमटी वाढता वाढता काकू थांबलेल्या. तेवढ्यात लाईट गेली. दोन सेकंद मेसमध्ये चिडीचूप. मग कोपऱ्यातल्या टेबलावरून, तीन वर्षं एमपीएससी करणाऱ्या आमच्या एका सीनिअरचा आवाज आला, ‘आयला, आत्ताच जायची होती का!’ सगळी मेस खोखो हसली. आणि खरं सांगायचं तर त्या अंधारात मोबाईल काढून ‘काकू, हॉटस्टारवर लावू का?’ असं विचारणारा मी होतो.

त्याच आठवड्यात पुरवणीच्या मॅडमनी मला विषय दिला : ‘मराठी मालिकांवर तुझं मत लिही. पण प्रामाणिक.’ मी सवयीनं म्हणणार होतो, ‘मॅडम, मी बघत नाही.’ मग लाईट गेलेली मेस आठवली आणि गप्प बसलो.

तर ही घ्या प्रामाणिक मतं. नियम एकच ठेवलाय : जे बघितलंय त्याबद्दलच बोलायचं. न बघता हसायचं काम आपण सगळे भरपूर करतो.

आबांच्या घरात व्हिलन नाही

सुरुवात सगळ्यात आवडत्या मालिकेपासून. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. ही २००१मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता आणि संपली तेव्हा मी बोबडं बोलत होतो. मी ती बघितली अलीकडे, मोबाईलवर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.

दिलीप प्रभावळकरांनी स्वतःच लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या सदरावरून केदार शिंदे यांनी केलेली ही मालिका. घरात आबा, मुलगा शेखर, सून श्यामला आणि दोन नातवंडं, शलाका आणि शिऱ्या. बस्स. कुणी कुणाच्या दुधात काही कालवत नाही. कुणी दाराआडून ऐकत नाही. प्रॉब्लेम म्हणाल तर आपल्या घरात असतात तेवढेच. शिऱ्याचा अभ्यास, शेखरचं ऑफिस, आबांचा हट्ट. तरी पुढचा भाग लावल्याशिवाय राहवत नाही.

मग प्रश्न पडतो, असं आता का होत नाही? एक कारण सरळ आहे. ‘टिपरे’ आठवड्यातून एकदा यायची. आजची मालिका आठवड्यातून सहा-सात दिवस येते. रोज वीस-बावीस मिनिटांचा भाग भरायचा तर साध्या घरातल्या साध्या गोष्टी किती दिवस पुरणार? मग कुणाला तरी जिन्यावरून पाडावं लागतं, कुणाची तरी स्मृती घालवावी लागते. लेखक वाईट नाहीत हो. त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही.

थांबायचं कधी?

आता सगळ्यात मोठी तक्रार. आपल्या मालिकांना सुरुवात भारी करता येते, थांबता येत नाही.

‘होणार सून मी ह्या घरची’ आठवते? २०१३ साल. श्री आणि जान्हवी. बँकेत नोकरी करणारी साधी मुलगी आणि सहा-सहा सासवांचं घर. मी पाचवीत होतो, पण आमच्या गावात ही मालिका लागली की पीठगिरणीवरची रांग मोकळी व्हायची. पुढे जान्हवीला दिवस गेले आणि ते बाळ काही केल्या जन्माला येईना. व्हॉट्सअ‍ॅपवर जोक सुरू झाले. त्या बाळावरचे विनोद माझ्या मामानं मला फॉरवर्ड केले होते, म्हणजे बघा.

याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे, दिग्दर्शक सतीश राजवाडे. २०१२मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. गोष्ट होती तेवढी सांगितली आणि उठले. आज इतक्या वर्षांनीही घना आणि राधाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. दुसऱ्या टोकाला ‘चार दिवस सासूचे’ : २००१ ते २०१३, तीन हजारांहून जास्त भाग! नावात चार दिवस, प्रत्यक्षात अकरा वर्षांहून जास्त. त्या मालिकेबरोबर म्हाताऱ्या झालेल्या बायका आमच्या गल्लीत आहेत. त्यांना ती आवडायची आणि त्यांच्या आवडीला मी हसणार नाही. पण मला विचाराल तर पाहुणा ‘अजून थोडा वेळ थांबा ना’ असं म्हणत असतानाच निघालेला बरा.

नवरा सुटला, बायका भांडल्या

‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ला आली तेव्हा नावावरूनच धमाल वाटलेली. राधिका विदर्भातली, तिची बोली खणखणीत, अनिता दातेनं ती झकास केली. घरात बसवून ठेवलेली बाई मसाल्यांचा धंदा उभा करते, हेही आवडलं.

पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची, आता जास्त खटकते. फसवतो कोण? गुरुनाथ. शिव्या कुणाला? शनायाला. नवरा मात्र ‘काय करणार बुवा, पुरुषच तो’ अशा थाटात विनोदी होऊन बसला. साडेचार वर्षं दोन बायका एकमेकींवर कुरघोडी करत राहिल्या आणि आपण शनायाचे मीम बनवले. गुरुनाथचा राग कुणाला आला? मलाही नाही आला, हे कबूल करतो. म्हणूनच म्हणतो, मालिका नुसती बघून सोडून देण्याची गोष्ट नाही. ती आपल्याला कुणावर चिडायचं ते शिकवते.

दुसरं उदाहरण ‘रंग माझा वेगळा’. विषय एकदम आवश्यक : सावळ्या मुलीला मिळणारी वागणूक. लग्नाच्या बाजारात आजही ‘मुलगी उजळ आहे ना?’ असं विचारतात, तिथे या विषयावर रोज संध्याकाळी कुणीतरी बोलणं मोठी गोष्ट होती. रेश्मा शिंदेनं काम मनापासून केलं, त्याबद्दल वाद नाही. पण नायिका सावळी दाखवायला गोऱ्या नटीला रोज गडद मेकअप का लावायचा? अख्ख्या महाराष्ट्रात सावळ्या नट्या नाहीत का? मालिका म्हणते ‘रंगावर जाऊ नका’ आणि मालिकेची निवड मात्र रंगावरच झालेली. माझ्या वर्गातली एक मैत्रीण अभिनय करते. ती म्हणाली, ‘आमच्या रंगाची गोष्ट पण आम्हाला मिळत नाही, मग आम्ही करायचं काय?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गावाकडची बोली, टीव्हीवरचं गाव

मी सातारा जिल्ह्यातला. त्यामुळे ‘लागिरं झालं जी’ माझ्यासाठी स्पेशल. २०१७मध्ये ती आली तेव्हा पहिल्यांदा टीव्हीवरची माणसं आमच्यासारखी बोलताना ऐकली. ‘काय करतंयस’, ‘कुठं चाललायस’ हे विनोदासाठी नाही, तर नायक-नायिकेच्या तोंडी! नायक अजिंक्यचं स्वप्न सैन्यात जायचं. ज्या जिल्ह्यात ‘अपशिंगे मिलिटरी’ नावाचं गाव आहे, तिथे हे स्वप्न घरोघरी असतं. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं आमच्याकडे आजही दिसतात. त्यांच्यावर कुणीतरी मालिका करावी याचं आम्हाला केवढं कौतुक!

‘तुझ्यात जीव रंगला’चा कोल्हापूरचा पैलवान राणादा आणि पाठकबाई यांनीही तेच केलं. फक्त लाल मातीतला राणादा पुढे पुढे इतका भोळा होत गेला, की आमच्या तालमीतले खरे पैलवान म्हणायचे, ‘एवढं साधं राहिलो असतो तर वस्तादानं हाकलून दिलं असतं.’

आणि ‘रात्रीस खेळ चाले’! सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला तो वाडा, मालवणी बोली, पावसाळी अंधार. २०१६चा पहिला भाग बघून मी आठवडाभर रात्री एकटा परसात गेलो नव्हतो. माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक दुसऱ्या भागात आले आणि त्यांच्याबरोबर अपूर्वा नेमळेकरची शेवंता. अभिनय एक नंबर. पण आता जरा शांतपणे विचार करा. अण्णा नाईक म्हणजे कोण? गरिबांच्या जमिनी हडपणारा, बायकोला मारणारा, दिसेल त्या बाईवर नजर ठेवणारा माणूस. त्याचे आपण स्टिकर केले. ‘अण्णा नाईक असतात’ म्हणून हॉस्टेलच्या ग्रुपवर पाठवले. मीही पाठवले. घाबरायला लावणाऱ्या माणसाला आपण लाडका करून टाकला. यात दोष मालिकेचा किती आणि आपला किती, हे तुम्ही ठरवा.

हसवणारे आणि भांडणारे

मेसमध्ये सगळ्यांचं एकमत होतं असा एकच कार्यक्रम : ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. २०१८पासून सोनी मराठीवर सुरू असलेल्या या कार्यक्रमात समीर चौघुले नुसता दारातून आत आला तरी पोरं जेवायचं थांबतात. प्रसाद खांडेकर, नम्रता संभेराव, वनिता खरात ही मंडळी मुंबई-ठाण्याच्या चाळीतून, गावाकडच्या लग्नातून, आपल्या ओळखीच्या माणसांतून विनोद काढतात. गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्याचं नाव अभिमानानं घ्यायचा, तेव्हा वस्तीत वाढलेल्या आमच्या एका मित्राची कॉलर ताठ व्हायची. हे साधं नाही.

नावडतं काय? कुणाच्या जाडेपणावर, कुणाच्या दातांवर, कुणाच्या टकलावर वारंवार केलेले विनोद. एवढे तगडे कलाकार असताना हा शॉर्टकट कशाला? ‘चला हवा येऊ द्या’बद्दलही तेच. २०१४ ते २०२४, दहा वर्षं थुकरटवाडीनं महाराष्ट्राला हसवलं. भाऊ कदम म्हणजे आमच्या वडिलांचा देव. पण साडी नेसलेला पुरुष आला की हसायचंच, हा विनोद दहा वर्षांत शिळा झाला. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचा, तेव्हा मात्र हसता हसता डोळे पुसायला लागायचे. म्हणजे त्यांना येत होतं. रोज केलं नाही, एवढंच.

‘बिग बॉस मराठी’ कुणी पूर्ण बघत नाही, क्लिप मात्र सगळे बघतात. मीही त्यातलाच. भांडणं मला बोअर होतात. पण २०२४च्या पाचव्या पर्वात बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण आला, तेव्हा कॉलेजमध्ये दोन तट पडले. ‘याला बोलता येत नाही, वाचता येत नाही, हा कसला सेलिब्रिटी?’ असं म्हणणारे एकीकडे आणि ‘आपला गावचा पोरगा’ म्हणणारे दुसरीकडे. तो जिंकला. त्या वादात माझ्या लक्षात एक राहिलं : त्याच्या भाषेला हसणारे सगळेच शहरातले नव्हते. गावाकडून येऊन दोन वर्षांत शहरी झालेले आपणच जास्त होतो.

आपली मालिका कुठे गेली?

सातवीत होतो तेव्हा ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली. २०१५. मुंबईतला एक फ्लॅट, त्याचं नाव ‘माजघर’ आणि त्यात राहणारे सहा जण : आशू, सुजय, कैवल्य, रेश्मा, मीनल आणि अ‍ॅना. कुणी घर सोडून आलेलं, कुणी लग्नात फसलेली, कुणी नट व्हायला निघालेली. त्यातली रेश्मा म्हणजे सखी गोखले, ‘टिपरे’मधल्या श्यामलेची, शुभांगी गोखल्यांची मुलगी. मोठं झाल्यावर आपणही असंच राहायचं, हे मी तेव्हा ठरवून टाकलं. प्रत्यक्षात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर आलो आणि कळलं की माजघरात ढेकूण नव्हते.

साधारण वर्षभरात ती संपली. पुढे ‘दिल दोस्ती दोबारा’ आली, झी युवा नावाची खास वाहिनी आली, तिच्यावर ‘फुलपाखरू’ चालली. आज संध्याकाळी टीव्ही लावा आणि शोधा. कॉलेजमध्ये जाणारं पात्र सापडलं तर ते कुणाची तरी नणंद किंवा दीर असतं. आपल्या वयाची गोष्ट मुख्य म्हणून जवळपास दिसतच नाही.

याला जबाबदार कोण? आपणही आहोत. टीआरपी कसा मोजतात माहितेय? बार्क ही संस्था देशभरातल्या निवडक घरांत टीव्हीला मीटर जोडते. टीव्ही बघायला बसणारा घरातला प्रत्येक जण आपापलं बटण दाबतो आणि त्यावरून कोण काय बघतंय हे कळतं. आपण मोबाईलवर बघितलेली क्लिप त्या आकड्यात येत नाही. म्हणजे वाहिनीच्या लेखी संध्याकाळी टीव्हीसमोर बसते ती आई, आजी, काकू. आपण तिथे नाहीच. मग आपल्यासाठी कुणी का लिहावं?

गुणपत्रिका

दहापैकी. खाडाखोड चालणार नाही.

श्रीयुत गंगाधर टिपरे : साडेनऊ. अर्धा मार्क शिऱ्याच्या अभ्यासाचा कापला.
एका लग्नाची दुसरी गोष्ट : साडेआठ. वेळेत पेपर दिल्याबद्दल.
दिल दोस्ती दुनियादारी : आठ. ढेकूण न दाखवल्याबद्दल दोन कमी.
लागिरं झालं जी : आठ. जिल्ह्याचा अभिमान, पक्षपात मान्य.
महाराष्ट्राची हास्यजत्रा : आठ.
रात्रीस खेळ चाले : पहिला भाग साडेसात, पुढच्यांना सहा.
रंग माझा वेगळा : विषयाला नऊ, मेकअपला शून्य.
माझ्या नवऱ्याची बायको : पाच. चार राधिकाचे, एक मसाल्याचा. गुरुनाथ नापास.
होणार सून मी ह्या घरची : पहिली सहामाही आठ, दुसरी तीन.

एका मालिकेला मात्र मला मार्क देता आले नाहीत. तिची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

‘तिनं तेव्हाच जायला पाहिजे होतं’

२०२१. माझी बारावी. परीक्षा होणार की नाही यावर घरात रोज चर्चा आणि शेवटी जूनमध्ये ती रद्दच झाली. घरात स्मार्टफोन एकच. दिवसभराच्या ऑनलाईन तासांत डेटा संपलेला असायचा. त्यामुळे संध्याकाळी साडेसातला आई टीव्हीसमोर बसली की मीही बसायचो. मालिका : ‘आई कुठे काय करते!’

माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. अरुंधती पंचवीस वर्षं संसार केलेली बाई. नवऱ्याचं, अनिरुद्धचं, ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण असल्याचं तिला कळतं. ती कोलमडते, सावरते, घटस्फोट घेते आणि आपल्या गाण्यावर उभी राहते. मूळ बंगाली मालिका ‘श्रीमोयी’, हिंदीतली ‘अनुपमा’ तिचीच बहीण. मधुराणी प्रभुलकरनं अरुंधती अशी केली, की गावातल्या बायका तिला ‘आपली अरुंधती’ म्हणायच्या.

मी आपला नेहमीसारखा चेष्टा करत होतो. ‘एवढं रडत बसण्यापेक्षा निघून का जात नाही ही?’

‘निघून जाणं काय सोपं असतंय का?’ आई म्हणाली.

मग जाहिराती लागल्या. आई टीव्हीकडेच बघत होती. बघता बघता म्हणाली, ‘मला ऑर्डर आली होती. शिक्षणसेवकाची. पाटण तालुक्यात शाळा होती.’

आईचं डी.एड. झालंय एवढं मला माहीत होतं. प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या खाली असतं. ऑर्डर आल्याचं मात्र अठरा वर्षांत मला कुणीच सांगितलं नव्हतं.

‘मग?’

‘मग काय. लांब हाय म्हणाले सगळे. नवीनच लग्न झालेलं.’

वडील खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरची घडी मोडली, परत घातली. काही बोलले नाहीत. जाहिराती संपल्या, मालिका सुरू झाली.

‘तिनं तेव्हाच जायला पाहिजे होतं,’ आई म्हणाली.

‘कुणी? अरुंधतीनं?’

‘हां. अरुंधतीनं.’

तेव्हा मला हे पूर्ण कळलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. नंतर पुण्याला आलो. आई रोज रात्री फोन करायची आणि मालिकेत काय झालं ते सांगायची. मी दुसऱ्या हातानं रील सरकवत ‘हं, हं’ करायचो. एकदा म्हणाली, ‘आज अरुंधतीला बरं नव्हतं, पण घरात कुणी विचारलं पण नाही.’ मी म्हणालो, ‘अगं आई, मालिका आहे ती.’ दिवाळीला घरी गेल्यावर शेजारच्या काकूंकडून कळलं की त्या आठवड्यात आईला ताप होता. तीन दिवस.

‘अग्गंबाई सासूबाई’ नावाच्या मालिकेत एक बबड्या होता. आईनं सगळं हातात आणून द्यायचं आणि यानं तिच्यावरच फुगायचं. महाराष्ट्रानं त्याला भरपूर शिव्या घातल्या. मीही घातल्या. त्या दिवाळीत मला कळलं की बबड्या कोण आहे.

आता ‘आई कुठे काय करते!’ चांगली होती का? सुरुवातीची दोन वर्षं, हो. पुढे ताणली. अरुंधतीला दुसरं लग्न करून सुखाला लावली आणि मग तो नवराही मारून टाकला. आई तेव्हा म्हणाली, ‘बाईला जरा बरं दिवस आले की ह्यांच्या पोटात दुखतंय.’ एवढी नेमकी समीक्षा मी मास कॉमच्या वर्गातही ऐकलेली नाही. शेवटी मालिका दुपारी ढकलली आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये संपली. शेवटचा भाग आईनं बघितलाच नाही. ‘मला कळला तिचा शेवट,’ म्हणाली.

म्हणून मार्क देता येत नाहीत. मालिका म्हणून सहा देईन. पण जे आई मला कधीच थेट बोलली नसती, ते तिला त्या मालिकेच्या आडून बोलता आलं. त्याचे किती धरायचे?

तुम्हाला एवढंच सांगतो. मालिका वाईट असेल तर वाईट म्हणा, मोठ्यानं म्हणा. ताणतात तेव्हा चिडा, मेकअप लावतात तेव्हा विचारा, अण्णाचे स्टिकर डिलीट करा. पण मालिका बघणाऱ्या माणसाला हसू नका. तो टीव्हीकडे बघत असतो आणि कधी कधी तुमच्याशी बोलत असतो.

गेल्या सुट्टीत मी आईला ‘दिल दोस्ती दुनियादारी’चे दोन भाग दाखवले. तिनं सगळं मन लावून बघितलं. संपल्यावर म्हणाली, ‘चांगली पोरं हायत. पण त्यांच्या खोलीत झाडू कोण मारतंय?’

मी विचार केला. आठवेना. मग उठलो आणि आमच्या सोप्यातला केर काढला.

आता रात्री मेसमधून बाहेर पडलो की मीच फोन लावतो. आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘आई, आज काय दाखवलं?’